बारा गुंड्या आणि एक नाक

पहाटे साडेचारला काकूंनी भाताच्या गंजावरची थाळी उचलली, तोंड गंजाजवळ नेलं आणि डोळे मिटून एकदाच श्वास ओढला. क्षणभर थांबल्या. मग थाळी बाजूला ठेवत म्हणाल्या, "बरोबर हाय." गंजात रात्रीचा भात होता, त्यावर चार बोटं पाणी. हीच बासी. मीठ, कांदा, सोबत मिरचीचा ठेचा. साडेपाचला घरातल्या सगळ्या बाया ती खाऊन रोवणीला बांधीत उतरणार होत्या.

"आणि बरोबर नसती तर?"

"तं गायीले."

गोंदिया जिल्ह्यात, सालेकसा तालुक्यातल्या त्या गावात मी मैत्रिणीच्या माहेरी, म्हणजे काकूंच्या घरी, धानाची रोवणी बघायला गेले होते. परे कसे उपटतात, चिखलात बाया ओळीने मागे सरकत कशा लावतात, हे लिहायचं होतं. ते राहून गेलं. काकूंचं ते गंजात वाकणं डोक्यातून जाईना. कारण त्याच्या दोन महिने आधी नागपुरात मी स्वतःच्याच स्वयंपाकघरात स्वतःलाच आजारी पाडलं होतं. फ्रिज, पाणी गाळायचं यंत्र, हात धुवायचं सुवासिक द्रावण, सगळं होतं. दुपारचा भात मात्र कुकरमध्ये झाकून रात्री दहापर्यंत ओट्यावर राहिला आणि नंतर मी तो फोडणी घालून खाल्ला. मध्यरात्रीपासून उलट्या. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, "भात होता का?" मी त्या भाताचा वास घेतला नव्हता. घेतला असता तरी उपयोग झाला नसता, पण ते नंतर कळलं.

रोवणी सोडून मी काकूंच्या सैपाकखोलीत बसले. तेव्हा चार दिवस, आणि पुढे मे महिन्यात पुन्हा दोन दिवस.

पहिल्याच दिवशी काकूंनी एक आकडा सांगितला. मी विचारलं होतं, की दिवसभरात सगळ्यात जास्त वेळ कशात जातो. मला वाटलं, रांधण्यात म्हणतील. त्या म्हणाल्या, "बारा गुंड्या." दारासमोरचा नळ सकाळी येतो तेव्हा येतो, नाही आला, वीज गेली किंवा मोटर बिघडली, की शाळेजवळच्या हातपंपावर जायचं. डोक्यावर एक, कमरेवर एक, अशा सहा खेपा. गुंडीत माझ्या अंदाजाने पंधराएक लिटर पाणी मावत असेल. म्हणजे सहा माणसांच्या घराला १८० लिटर, माणशी ३०. जलजीवन मिशनचं गणित माणशी ५५ लिटरचं आहे. पुरुष हातपंपावरच आंघोळ करतात आणि गुरं बोडीवर, म्हणजे छोट्या तळ्यावर, जातात, म्हणून एवढ्यात भागतं.

या बारा गुंड्यांची वाटणी ठरलेली. दोन प्यायच्या, त्या फडक्याने गाळून माठात. तीन रांधायच्या, त्यात तांदूळ-डाळ धुणंही आलं. चार भांड्यांच्या. उरलेल्या तीन म्हणजे हात, पाय, पोराचं ढुंगण, चूल सारवणं, अडल्यापडल्याला. मी या तीन गुंड्यांवर नजर ठेवून बसले. सकाळी सहाला त्या भरलेल्या असतात तेव्हा काकू कोपरापर्यंत हात धुतात, साबण लावतात, नखं नखांनी घासतात. दुपारी साबण तोच, पाणी निम्मं. संध्याकाळी तिसऱ्या गुंडीच्या तळाला पाणी लागलेलं असतं. तेव्हा काकूंची सून, वहिनी, मळलेल्या कणकेचा हात गुंडीच्या काठाशी नेते, तीन बोटांवर धार धरते आणि लुगड्याला पुसते. तीच वहिनी, तोच साबण, आळसाचा प्रश्नच नाही. गुंडीतलं पाणी जसं उतरतं तशी स्वच्छता उतरते. भिंतीवर हात धुण्याच्या सहा पायऱ्यांचं चित्र लावणाऱ्यांनी नळ वाहता आहे हे गृहीत धरलेलं असतं.

भांडी अंगणात घासली जातात. राखड आणि तणसाची गुंडाळी. पितळ-जर्मनला राखड, स्टीलला हल्ली निरमा. राख क्षारयुक्त असते, तेलकटपणा ती छान काढते, फक्त शेवटी चांगल्या पाण्याने विसळायला हवं. काकू दोनदा विसळतात. मग गंज, कोपर (परात), थाळ्या बांबूच्या मांडवीवर पालथ्या, उन्हात. फडक्याने पुसणं नाही. एका जागी मला वाटलं, की माझ्या नागपूरच्या ओट्यापेक्षा ही मांडवी वरचढ आहे. माझ्याकडे भांडी ज्या टॉवेलने कोरडी होतात तो टॉवेल आठवड्यातून एकदा धुतला जातो. (हे वाचून माझी आई फोन करणार.)

फडकं मात्र इथेही आहेच. चुलीजवळच्या खिळ्यावर एक, काळपट, कायम ओलसर. त्याने गरम गंज उतरवतात, सांडलेलं वरण टिपतात, नातवाचं तोंड पुसतात. काकूंच्या सगळ्या शिस्तीतून हे एक फडकं निसटलेलं. मी त्याबद्दल बोलले तेव्हा त्यांनी ते उचलून उकळत्या पाण्याच्या भगुण्यात टाकलं, माझ्या समाधानासाठी. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा खिळ्यावर, तसंच ओलं.

तिसऱ्या दिवशी मासे आले. या जिल्ह्यात मामा तलावांची, म्हणजे माजी मालगुजारी तलावांची, कमतरता नाही; पावसाळ्यात रोहू, कतला नाही तर निदान झिंगे घरात येतातच. काकूंनी मासे दाराच्या आत येऊ दिले नाहीत. अंगणाच्या कोपऱ्यात मासळीची वेगळी पावशी, म्हणजे विळी, वेगळी लाकडी पाटी. माशाला राखड चोळली की तो हातातून निसटत नाही. खवले काढले, तुकडे केले, दोन पाण्यांनी धुतले, मग हात राखडीने आणि नंतर साबणाने. ती पावशी सैपाकखोलीत कधीच जात नाही. भाजीची पावशी वेगळी, ती अंगणात येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली सुरक्षित अन्नाचे पाच नियम सांगणारं पोस्टर काढलं. त्यातला दुसरा नियम हाच: कच्चं मांस-मासळी आणि शिजलेलं अन्न एकमेकांपासून लांब ठेवा, सुऱ्या-पाट्या वेगळ्या ठेवा. मी काकूंना विचारलं, वेगळी पावशी कशासाठी? त्या हसल्या. "सासूले वास येत होता ना. बाई माळकरी होती." सासू जाऊन वीस वर्षं झाली. पावशी अजून अंगणातच आहे. जंतूंचं नावही न काढता एका माळकरी बाईच्या नाकाने या घरातला एक रोग अंगणात थोपवून धरलाय.

लाखोरीचंही असंच. धान कापायच्या आधीच ओल्या बांधीत लाखोरी फेकतात, ओलीवरच ती येते, नांगर नाही की पाणी नाही. गरिबाची डाळ. तिच्यात एक विषारी घटक असतो. महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पायांतलं बळ जातं, माणूस काठीवर येतो. म्हणूनच १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. बंदी आली तरी बांधीतली लाखोरी गेली नाही. काकू ती रात्री गरम पाण्यात भिजवतात, सकाळी ते पाणी ओतून देतात, पुन्हा जास्त पाण्यात उकळतात आणि तेही पाणी काढून टाकतात. विष पाण्यात उतरतं, पाण्याबरोबर बरंचसं जातं, हे शास्त्रही सांगतं. काकूंचं कारण वेगळं: "पानी नाही फेकलं तं तोंडाले कडू लागते." फेकायला पाणी मात्र लागतं. बारा गुंड्यांतली जवळजवळ अर्धी गुंडी एका वेळच्या डाळीवर जाते, आणि ज्या घरात गुंड्या आठच येतात तिथे काय होत असेल?

इथवर नाक आणि जीभ काकूंच्या बाजूने होती. पाण्याशी आल्यावर ती उलटली.

प्यायच्या माठात कुणी हात घालायचा नाही, हा घरातला सगळ्यात कडक नियम. लांब दांड्याचं वगराळं खुंटीला टांगलेलं, दीड वर्षाच्या नातवाने माठाकडे हात नेला, की तीन दिशांनी "अं!" येतो. याबाबतीत मी काकूंना पैकीच्या पैकी गुण दिले. पण ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत ब्लिचिंग पावडर टाकतो ती काकूंना खपत नाही. महाराष्ट्रात गावातल्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला कार्ड देतात, लाल, पिवळं किंवा हिरवं. पावसाळ्यात नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे की नाही ते थेंब टाकून बघतात, पाणी पिवळं झालं म्हणजे आहे. पण ज्या दिवशी पाणी नीट पिवळं होतं, त्याच दिवशी काकू नळाकडे पाठ फिरवतात. "दवाईचा वास येते." गुंड्या उचलून त्या पाटलाच्या जुन्या विहिरीवर जातात. तिचं पाणी थंडगार, नितळ, गोड, आणि आषाढात शेजारच्या उकिरड्याचा पाझर घेऊन आलेलं.

मी सांगितलं की गुंडी तासभर उघडी, वर जाळीचं फडकं टाकून ठेवली की वास कमी होतो. क्लोरीनला आपलं काम करायला अर्धा तास लागतोच, तोही मिळतो. त्यांनी ऐकून घेतलं. वहिनीने मात्र त्या दिवशी एक गुंडी तशी ठेवली.

आता बासीचं. छत्तीसगड इथून हाकेच्या अंतरावर आहे, दरेकसा सोडलं की गाडी थोड्याच वेळात डोंगरगडला पोचते. तिकडे बोरे-बासीचा इतका मान, की २०२२ साली १ मे या कामगार दिनी तिथल्या सरकारने ती खायचं जाहीर आवाहन केलं होतं. आवाहनाशिवायही ती या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय, कारण ती पोटाला थंड पडते आणि पहाटे चूल पेटवावी लागत नाही.

मला ज्याने आजारी पाडलं तो जंतू बहुधा बॅसिलस सिरियस. मातीतला, धानाबरोबरच येणारा. त्याचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. भात शिजून कोमट झाला, की जागे होतात, वाढतात, विष सोडतात. ते विष पुन्हा तापवलं तरी जात नाही. ब्रिटनमधल्या चिनी हॉटेलांत १९७०च्या दशकात तळलेल्या भाताने लोक आजारी पडू लागले तेव्हा हा जंतू गाजला. आणि मुख्य म्हणजे त्या विषाला वास नाही. नाकाला इथे काही कामच नाही.

तरी बासी आणि माझा कुकरमधला भात एक नव्हे. माझा भात झाकणाखाली तासन्‌तास ऊबदार बसला होता. बासीत भात निवतो, भरपूर पाण्यात बुडतो, रातोरात आंबटपणा धरतो, आणि आंबट पाण्यात या जंतूला फारसं जमत नाही. प्रश्न एवढाच, की पाणी कधी घातलं. संध्याकाळी सातला शिजलेला भात काकू रात्री झोपताना, दहाला, पाण्यात टाकत. मधले तीन तास तो चुलीच्या वैलावर, ऊब राहावी म्हणून. जुलैत एक वेळ ठीक. मे महिन्यात गोंदियाचा पारा ४४-४५ला जातो, रात्रीही भिंती तापलेल्या असतात.

मी हे सगळं सांगितलं. जरा जास्तच सांगितलं असावं. काकू भाजी निवडत होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "माझं सारं आयुष्य नाकावर गेलं पोरी. तू म्हनते वासच नाही. मग मी का हुंगत होती?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आंबलेला, बुरसलेला, कुजलेला भात त्या नाकाने हजार वेळा गायीकडे वळवला असेल, हे खरं होतं. आणि ज्या एका गोष्टीने घात होतो ती त्या नाकाच्या पलीकडे आहे, हेही खरं.

मे महिन्यात पुन्हा गेले तेव्हा मोटर जळाली होती. गुंड्या बाराच्या दहा झाल्या होत्या, हातपंपावर रांग होती. रात्री मी बघितलं, जेवणं झाल्याबरोबर, आठच्या आत, काकूंनी उरलेला भात कोपरात पसरला, वाफ जाऊ दिली आणि गंजात घालून वर गार पाणी ओतलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पहाटे त्यांनी थाळी उचलली. वाकल्या नाहीत. गंज माझ्यापुढे सरकवला. "तूच सांग."

मी वास घेतला. भात, थोडा आंबूस, मातीच्या माठाचा गारवा. मला काही सांगता आलं नाही. काकू थोडा वेळ थांबल्या, मग त्यांनी बासी आपल्या आणि वहिनीच्या थाळीत वाढली, वर कांदा कापला. एक मूठ तांदूळ धुऊन त्यांनी छोट्या भगुण्यात चुलीवर चढवला, नातवासाठी, आणि फुंकणी घेऊन बसल्या.