छतावरील सौर पॅनेल आणि ‘चालू राहा’ हा संकेत
सौर पॅनेलवर ऊन असेपर्यंत वीजनिर्मिती थांबत नसल्याने, आगीच्या वेळी मुख्य स्विच बंद केला तरी छतावरील तारांत शेकडो व्होल्टचा दाब राहू शकतो. म्हणून अमेरिकेच्या विद्युत संहितेच्या 2017च्या आवृत्तीने पॅनेलसमूहाच्या आतील दाब 30 सेकंदांत 80 व्होल्टपर्यंत उतरवण्याची तरतूद केली. ‘सनस्पेक’ या मानकानुसार प्रेषक, म्हणजे संकेत पाठवणारे उपकरण, विजेच्याच तारांमधून 131.25 व 143.75 किलोहर्ट्झ या दोन वारंवारितांचा संकेत सतत पाठवतो, आणि तो खंडित झाला की प्रत्येक पॅनेलमागील स्विच आपोआप उघडून पॅनेल साखळीपासून तोडतो. ‘बंद हो’ असा आदेश जळालेल्या तारेतून पोहोचलाच नसता, हे या उलट्या रचनेमागचे खरे शहाणपण होय; मात्र दोन प्रेषकांच्या तारा एकाच नळीतून नेल्यास एकाचा संकेत दुसरीकडे झिरपून बंद व्हायला हवीत ती पॅनेलेही चालू राहू शकतात.