कॉलेजच्या मुलाचे क्रेडिट कार्ड : घ्यायचे झाल्यास काय पाहावे?



गेल्या अंकात खोडव्यातील पाचटाविषयी लिहिले होते. या खेपेचा विषय शेतातला नाही, पण गट कार्यालयात अलीकडे तो वरचेवर निघतो. मुले-मुली बारावी होऊन सोलापूरला, पुण्याला शिकायला जातात आणि वर्ष-दोन वर्षांत घरी फोन येतो, "क्रेडिट कार्ड काढू का?" मग वडील आमच्याकडे येऊन विचारतात, "साहेब, हे आपल्या किसान कार्डासारखंच असतंय का?"

तसे नसते, आणि तिथेच पुष्कळांची गफलत होते. किसान क्रेडिट कार्ड १९९८ साली निघाले ते पिकाच्या हिशेबाने. लागण, तोड, बिल, मग फेड. एटीएमचे कार्ड तर आपल्याच खात्यातले पैसे काढते. क्रेडिट कार्डावर मात्र बँकेचे पैसे खर्च होतात आणि त्याचे बिल दर महिन्याला येते. ठरल्या तारखेच्या आत पूर्ण बिल भरले तर खरेदीवर व्याज नाही. थकले तर बहुतेक कार्डांवर महिन्याला ३ ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, म्हणजे वर्षाला चाळीसच्या घरात, शिवाय त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे कारखान्याने १४ दिवसांत उसाचे पैसे दिले नाहीत तर वार्षिक १५ टक्के व्याज द्यावे लागते, आणि त्यासाठी आपण मोर्चे काढतो. (काढावेतच. मी कारखान्याचा नोकर असलो तरी हे म्हणतो.) इथे मात्र त्याच्या अडीच पट व्याज घरातले पोर मुकाट्याने भरत असते.

मागच्या हंगामात एक सभासद पहिल्या उचलीची चौकशी करायला आले. मुलाने कार्डावर वीस हजारांचा मोबाईल घेतला होता. "दर महिन्याला हजार भरतोय, तरी फिटंना," असे त्यांचे म्हणणे. कागद पाहिला. मुलगा बिलावरची 'किमान देय' रक्कम भरत होता. वीस हजारांवर साडेतीन टक्क्यांनी ७०० रुपये व्याज, त्यावर १२६ रुपये जीएसटी. हजारातले ८२६ तिथेच गेले, मुद्दलात पडले १७४. आणि बाकी थकलेली असली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. मुलगा हुशार आहे, इंजिनिअरिंगला आहे. पण बिल ज्या ईमेलवर यायचे तो तो कधी उघडतच नव्हता.

म्हणून माझे सांगणे असे की कार्ड निवडताना सिनेमाचे तिकीट, पॉइंट, सवलत हे नंतर पाहावे. बेणे घेताना आपण पाल्याचा हिरवेपणा पाहून घेत नाही, डोळा पाहतो. कार्डाचा डोळा म्हणजे त्याचे मोबाईलवरचे खाते. हिशेब तिथे रोजचा रोज दिसतो का, आणि आपल्या हाताने बंद-चालू करता येतो का, हे आधी पाहावे.

विद्यार्थ्याला कार्ड मिळते कसे, तेही सांगतो. वय १८ पूर्ण लागते. मुलाला पगार नसतो, म्हणून बऱ्याच बँका त्याच्या नावावर मुदत ठेव ठेवून घेतात आणि त्या ठेवीच्या प्रमाणात खर्चाची मर्यादा देतात. बिल थकले तर बँक ठेवीतून वळते करून घेते. दुसरा मार्ग म्हणजे वडिलांच्या कार्डावर जोडकार्ड. त्यात खर्च मुलाचा, पण देणे सर्वस्वी वडिलांचे. माझे मत ठेवीवरच्या छोट्या कार्डाकडे झुकते. नुकसान झाले तरी ठेवीच्या आसपास राहते आणि मुलाला स्वतःच्या नावाचा व्यवहार सांभाळावा लागतो.

आता निवड. ज्या मुलाकडे ते कार्ड आधीपासून आहे त्याला ॲप उघडून दाखवायला सांगावे. बँकेतल्या बाईंनी किंवा साहेबांनी तोंडी सांगितलेले पुरत नाही. पहिली गोष्ट, आज दुकानात केलेला खर्च आजच दिसतो का, आणि मागच्या महिन्यांची बिले उतरवून घेता येतात का? दुसरी, ऑटो-पे. खात्यातून बिल आपोआप वळते करण्याची ही सोय. यात दोन पर्याय असतात, 'पूर्ण देय' आणि 'किमान देय'. पूर्णच लावावे. घाईत किमानवर बोट पडले तर वर सांगितलेल्या मोबाईलसारखी गत होते. ज्या खात्यातून पैसे जाणार त्यात त्या तारखेला शिल्लकही हवी.

इथे आपल्या घरची अडचण येते. उसाचे पैसे हंगामात येतात, कार्डाचे बिल बाराही महिने येते. तेव्हा ऊस बिलावर भिस्त ठेवून कार्ड घेऊ नये. दुधाचा पगार दहा दिवसांनी येतो, त्यातून जेवढे निघेल तेवढीच मर्यादा ठेवावी. बिलाची तारीख निदान एकदा आपल्या सोयीने बदलून घेण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेने केलेली आहे. ती ॲपवरून बदलता येते का, हेही विचारावे.

तिसरी गोष्ट म्हणजे खटके. मोटारीच्या पेटीत जसे खटके असतात तसे ॲपमध्ये असतात. ऑनलाइन खरेदी, परदेशी व्यवहार, नुसते टेकवून पैसे देणे, हे प्रत्येक वेगळे बंद करता येते आणि रकमेची मर्यादाही घालता येते. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने ही सोय चोवीस तास देणे बँकांना बंधनकारक केले. त्यामुळे सोय सगळ्यांकडे आहे. फरक इतकाच की कुठे ती पहिल्या पानावर सापडते, तर कुठे चार पाने उलटावी लागतात. परदेशी व्यवहार कायम बंद ठेवावा. कार्डावरून एटीएममधून रोख काढणेही बंद ठेवावे, कारण रोखीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागते आणि वर आकार वेगळा.

चौथे, कार्ड हरवले तर बाहेर कोणाला न विचारता ॲपवरून ताबडतोब बंद करता आले पाहिजे. आणि कार्ड नकोसे झाले तर? बाकी फेडलेली असताना अर्ज दिल्यापासून कामाच्या ७ दिवसांत ते बंद केले पाहिजे, नाहीतर बँकेला दिवसाला ५०० रुपये दंड, असा नियम २०२२ मध्ये झाला. अर्ज ॲपवरून केला तर तारखेचा पुरावा हाती राहतो.

फसवणुकीविषयी थोडेच लिहितो. ओटीपी कोणालाही सांगू नये, बँकेचा माणूस म्हणवणाऱ्यालाही नाही. ओटीपी आपणच सांगितला तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपल्या पदरात पडते. पैसे गेलेच तर आधी कार्ड बंद, मग बँकेला कळवणे, मग १९३० या क्रमांकावर तक्रार. सकाळची वाट पाहू नये.

मुलाचा पासवर्ड वडिलांनी मागू नये, असे मला वाटते. महिन्याचे बिल उतरवून व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगावे, तेवढे पुरे. पाहायचेच अशासाठी की थकबाकीची नोंद सिबिलसारख्या कंपन्यांकडे जाते आणि वर्षानुवर्षे राहते. जोडकार्ड असेल तर ती नोंद वडिलांच्या नावावर. उद्या ट्रॅक्टरला किंवा पाइपलाइनला कर्ज मागायला गेलात की बँक पहिला तोच उतारा काढते, आणि सात-बारा कितीही स्वच्छ असला तरी काउंटरवरच्या माणसाची मान हलत नाही. हा उतारा वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढून ठेवावा.

ज्यांच्या घरी असे कार्ड आधीच आलेले आहे, त्यांनी शेवटच्या दोन महिन्यांची बिले घेऊन गट कार्यालयात यावे. आमचे चिटबॉयही आता यात बऱ्यापैकी तयार झाले आहेत. फक्त येताना कार्डाच्या मागचा तीन आकडी क्रमांक झाकून आणावा, आणि पिन आम्हालाही सांगू नये.