नातवाला शाळेत कोण नेणार?



गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या घरी एक प्रश्न निघाला. नातू दुसरीत जाणार होता. १ सप्टेंबरपासून त्याने शाळेत चालत जायचे की मोटारीतून? मुलगा म्हणाला, "कामावर जाताना मी सोडतो." मी म्हणाले, "शाळा पंधरा मिनिटांवर तर आहे, मी चालत नेते. माझगावला सर एली कदुरी शाळेत आम्ही भावंडे रोज चालतच जायचो." सून गप्प राहिली.

दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना तिने हळूच विचारले, "आई, रागावू नका. पण रस्त्यावरच्या गाड्या तुम्हाला नीट दिसतात का?"

राग आलाच. पण तिचे खरे होते. दोन महिन्यांपूर्वी रस्ता ओलांडताना एक मोटार अगदी अंगावर आली तेव्हा मला दिसली होती. घाबरून मी घरात सांगितले नव्हते. त्या दिवशी सांगितले. कुपत होलीममध्ये डोळे तपासले, तर उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. सुक्कोथनंतर शस्त्रक्रिया झाली. तोवर मुलगाच नातवाला सोडत होता.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मी, सून आणि नातू सकाळी साडेसातला दोन्ही रस्ते चालून पाहिले. जवळच्या रस्त्यावर दुतर्फा मोटारी उभ्या, मधूनच ओलांडावे लागते. सात वर्षांचे पोर दोन मोटारींमधून बाहेर आले, तर चालवणाऱ्याला दिसतच नाही. लांबच्या रस्त्याला पाच मिनिटे जास्त लागतात, पण एके ठिकाणी सिग्नल आहे आणि शाळेजवळ झहावची मुले पाट्या घेऊन उभी असतात. आम्ही लांबचा रस्ता धरला. हमसीनच्या किंवा मुसळधार पावसाच्या दिवशी मात्र मोटार, असे ठरले.

नऊ वर्षांखालच्या मुलाने मोठ्या माणसाशिवाय रस्ता ओलांडू नये, असा इथला नियम आहे. म्हणूनच आपल्यासारख्या आजी-आजोबांचा इथे उपयोग होतो, आणि फायदा आपलाही होतो. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना आठवड्याला निदान १५० मिनिटे जरा भरभर चालण्यासारखा व्यायाम सांगते, मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे. जाताना मी नातवाच्या चालीने जाते. येताना बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने येते.

तुम्हीही नातवंडांना नेणार असाल, तर आधी एवढे करा:

• डोळे आणि कान तपासून घ्या. चक्कर येत असेल, गुडघा दगा देत असेल, तर डॉक्टरांना विचारा.
• शाळेच्या वेळेलाच रस्ता एकदा चालून पाहा. अंतर मोजू नका, किती वेळा ओलांडावे लागते ते मोजा.
• सपाता नकोत, पायात घट्ट बसणारे बूट घाला.
• मुलाला रस्त्याच्या आतल्या बाजूला ठेवा.

आणि जमत नसेल, तर तसे मुलांना स्पष्ट सांगा. त्यात कमीपणा नाही. मी दोन महिने गप्प बसले, ती माझी चूक झाली.