कान म्हणतो सरळ, विमान मात्र वळतंय

लहानपणी अंगणात गोल गोल फिरून एकदम थांबल्यावर काय व्हायचं, आठवतंय? आपण जागेवर, पण घर, झाड, आई सगळं गरगर फिरायचं. मग हसत हसत खाली बसायचो. हेच रात्री, हवेत, छोटं विमान चालवताना झालं तर?

16 जुलै 1999. अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षांचे चिरंजीव जॉन केनेडी ज्युनिअर स्वतःचं पायपर साराटोगा विमान घेऊन न्यू जर्सीहून निघाले. सोबत पत्नी कॅरोलिन आणि मेहुणी लॉरेन. मेहुणीला मार्थाज व्हिनयार्ड बेटावर सोडून पुढे चुलत बहिणीचं लग्न गाठायचं होतं. निघेपर्यंत रात्रीचे 8.38 झाले. एका प्रशिक्षकाने सोबत येण्याची तयारी दाखवली होती, पण केनेडींना एकट्यानेच विमान न्यायचं होतं.

त्या रात्री वादळ नव्हतं, होती फक्त धूसर हवा. किनाऱ्यावरचे दिवे मागे पडले आणि खाली काळा समुद्र, वर काळं आकाश, मधली क्षितिजाची रेषच गायब! बेटावर उतरण्यासाठी खाली येता येता विमान वळत वळत समुद्रात कोसळलं. तिघंही गेले. विमानात बिघाड सापडला नाही. अंधार आणि धूसर हवेत वैमानिकाला दिशाभ्रम झाला, असं चौकशीत निघालं.

आपला तोल सांभाळतो तो कानाच्या आतला द्रव. विमान हळूहळू एका बाजूला वळत राहिलं की थोड्या वेळाने हा द्रवही त्याच वेगाने फिरू लागतो आणि कान सांगतो, ‘सगळं सरळ आहे.’ वळताना विमान उंची गमावतं. वैमानिक नाक वर ओढतो, पण त्याने वळण आणखी घट्ट होतं. आणि विमान सरळ केलं, तर उलट दिशेला वळल्यासारखं वाटतं!

1954 मध्ये इलिनॉय विद्यापीठात अशा प्रशिक्षण नसलेल्या 20 वैमानिकांना बाहेरचं काही न दिसता विमान चालवायला लावलं. ताबा सुटायला सरासरी 178 सेकंद लागले. तीन मिनिटंही नाहीत.

धावपट्टी दिसली तरी धोका संपत नाही. आजूबाजूला मिट्ट काळोख आणि पुढे फक्त धावपट्टीचे दिवे असले, की आपण फार उंचावर आहोत असं वाटतं. वैमानिक विमान आणखी खाली आणतो आणि ते धावपट्टीच्या अलीकडेच टेकतं.

भारतात नुसत्या नजरेच्या भरवशावर रात्री उडायला एरवी परवानगीच नसते. सूर्यास्तानंतर 20 मिनिटांनी ही मुभा संपते. केनेडींकडे रात्री उडण्याचा परवाना होता, पण फक्त उपकरणं पाहून उडण्याचं प्रशिक्षण अजून अर्धवट होतं.

या प्रशिक्षणात शिकाऊ वैमानिकाच्या डोळ्यांवर अशी झापड लावतात, की त्याला समोरचे काटे आणि कृत्रिम क्षितिज एवढंच दिसावं. सगळं अंग ओरडून सांगत असतं, ‘विमान डावीकडे कलतंय.’ आणि शेजारी बसलेला प्रशिक्षक शांतपणे म्हणतो, ‘काट्यांकडे बघ.’