चौकट : बीड पोलिसांची आडनावाला सुट्टी

नवा नियम कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचवायचा म्हणजे परिपत्रक काढायचे, सह्या घ्यायच्या आणि फाइलला लावायचे, ही आपली रीत. बीड जिल्हा पोलीस दलाने 2025 मध्ये जरा वेगळी वाट धरली.

मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची 9 डिसेंबर 2024 रोजी हत्या झाली. जिल्ह्यातले जातीय वातावरण तापले आणि पोलिसांच्या निःपक्षपातीपणावरही बोट ठेवले जाऊ लागले. नवे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी जानेवारीत सहकाऱ्यांना सांगितले, की एकमेकांना आडनावाने नव्हे, नावाने हाक मारा. आपल्याकडे आडनाव कळले की जातीचा अंदाज बांधला जातो, म्हणून. मार्चमध्ये फक्त पहिले नाव असलेल्या पाट्या आल्या.

आधी तोंडी सवय, मग पाटी. हा क्रम शहाणपणाचा वाटतो. तक्रार घेऊन आलेल्या माणसालाही नियम समोरच दिसतो, कुणी समजावून सांगावा लागत नाही. अर्थात पाटी बदलल्याने मन बदलतेच असे नाही; पण सुरुवात कुठून तरी करावी लागतेच.

काही नियम सांगण्याची सक्ती कायद्यातच आहे. लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यानुसार (2013) अंतर्गत समितीची माहिती कामाच्या ठिकाणी ठळकपणे लावावी लागते, कर्मचाऱ्यांसाठी जागृती कार्यशाळाही घ्याव्या लागतात. तुमच्या कार्यालयात तो फलक कुठे आहे, एकदा पाहून घ्या.