रस्सीखेच : बळाचा खेळ आणि नियमांचे महत्त्व

रस्सीखेच हा खेळ वरवर पाहता केवळ बळाचा वाटतो. तथापि त्याचा इतिहास पाहिला असता, बळाला नियमांची जोड मिळाल्यावाचून खेळ न्याय्य व सुरक्षित होत नाही, हेच दिसून येते.

इ. स. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकपासून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकपर्यंत रस्सीखेचीस त्या महोत्सवात स्थान होते. १९०८ साली लंडन येथे लिव्हरपूलच्या पोलीस संघाने अमेरिकन संघास पाहता पाहता ओढून नेले. पोलिसांचे जड बूट जमिनीत रुततात, अशी तक्रार अमेरिकनांनी केली. ती फेटाळण्यात आली व अमेरिकन संघाने स्पर्धेतून अंग काढून घेतले. पुढे १९१२ साली स्टॉकहोम येथे केवळ स्वीडन व ब्रिटन यांचीच लढत झाली. १९२० नंतर हा खेळ ऑलिंपिकमधून वगळण्यात आला.

१९६० साली आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली व नियमांस एकसूत्रीपणा आला. प्रत्येक संघात आठ खेळाडू असतात. संघाचे एकूण वजन ठरलेल्या मर्यादेत असावे लागते. प्रतिपक्षास चार मीटर ओढणारा संघ फेरी जिंकतो. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकणारा विजयी ठरतो. दोरास गाठ वा फास देण्यास आणि मुद्दाम खाली बसण्यास मनाई आहे.

नियमांची उपेक्षा किती घातक ठरते, हे १९९७ साली तैवानमधील तैपेई येथे दिसले. दीड हजारांहून अधिक माणसे एकच दोर ओढीत असता तो ताण असह्य होऊन तुटला आणि त्याच्या तडाख्याने दोघा खेळाडूंचे हात तुटले.

शाळेत हा खेळ घेताना शिक्षकांनी पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे. संघ केवळ संख्येने नव्हे, तर वजनाने समान करावेत. सर्व मुले अनवाणी असावीत, किंवा सर्वांच्या पायांत पादत्राणे असावीत. विहिरीचा झिजलेला दोर वापरू नये. हाताला वा कमरेला दोराचा वेढा कोणासही घेऊ देऊ नये. हरणाऱ्या संघाने दोर एकाएकी सोडू नये, हेही आधीच समजावून सांगावे. एवढी दक्षता घेतल्यास, एका इशाऱ्यावर सर्वांनी मिळून जोर लावण्याचा धडा मुले मैदानावर आनंदाने शिकतील.