ब्राउजरला आला ताप!

लॅपटॉपचा पंखा घरघरतोय, मांडीला चटके बसतायत आणि साधा मेल उघडायला मिनिट लागतंय? नव्या लॅपटॉपच्या ईएमआयचं गणित मांडण्याआधी, तुमच्या ब्राउजरमध्ये नक्की कोण ताव मारतंय ते तरी बघा!

मे महिना, दुपारचे तीन. कोथरूडमधली माझी वरच्या मजल्यावरची वन रूम किचन. समोर व्हिडिओ कॉलवर एक सीनियर डिझायनर बाई, ज्यांची वेळ मिळवायला मला तीन आठवडे लागले होते. मी पहिला प्रश्न विचारला आणि लॅपटॉपचा पंखा असा काही सुरू झाला, की बाईंनीच विचारलं, ‘मिक्सर लावलाय का कुणी?’ दुसऱ्या प्रश्नाला त्यांचा चेहरा स्क्रीनवर गोठला. तिसऱ्याला माझा आवाज तुटायला लागला. ‘आपण नंतर बोलू या,’ म्हणून त्यांनी कॉल ठेवला. ते ‘नंतर’ काही आलंच नाही. स्टोरी दुसऱ्या कुणाला तरी गेली आणि माझ्या त्या महिन्याच्या भाड्याचं गणित कोलमडलं. फ्रीलान्सरचा लॅपटॉप म्हणजे रिक्षावाल्याची रिक्षा. ती बंद, तर चूल बंद!

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप काखेत मारून रिपेअरवाल्याकडे गेले. त्यानं झाकण उघडून पाच मिनिटं इकडेतिकडे क्लिक केलं आणि निदान ऐकवलं, ‘मॅडम, आठ जीबीत आजकाल काही होत नाही. रॅम वाढवा, नाहीतर सरळ नवीनच घ्या.’ मी घरी येऊन नवीनच्या किमती बघत बसले. त्याही त्याच तापलेल्या लॅपटॉपवर!

वाचवलं ते माझ्या मामेभावानं. हिंजवडीत आयटीत आहे, रविवारी आमरस हाणायला आला होता. माझी कर्मकहाणी ऐकून म्हणाला, ‘ताई, खर्च कर, पण आधी कोण खातंय ते बघ ना!’

मला वाटलं ते मी बघितलं होतं. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला की सगळ्यात वर ब्राउजरचंच नाव दिसायचं, साठ-सत्तर टक्के. तो हसला. ‘हे चाळीचं एकूण लाइट बिल झालं. खोलीवार मीटर कुठंय?’

खोलीवार मीटर

तर मंडळी, आजच्या ब्राउजरचा फंडा चाळीसारखाच आहे. पूर्वी अख्खा ब्राउजर म्हणजे एक मोठा हॉल असायचा. एक साइट लटकली की बाकीच्याही गेल्या! सप्टेंबर 2008 मध्ये गुगलनं क्रोम आणला, तेव्हा ही भानगड समजावून सांगायला स्कॉट मॅकक्लाउड या चित्रकाराकडून चक्क एक कॉमिक काढून घेतलं होतं. त्यातली मुख्य गंमत हीच, की टॅबना स्वतंत्र खोल्या द्यायच्या. एका खोलीत राडा झाला तरी शेजारच्याची झोपमोड नाही. पुढे इतरांनीही हीच वाट धरली. याचा तोटा म्हणजे खोल्या जास्त, बिल जास्त. फायदा मात्र झकास, कारण प्रत्येक खोलीचं मीटर वेगळं वाचता येतं.

हे मीटर ब्राउजरच्या पोटातच असतं आणि आपल्यातल्या अर्ध्या जणांनी ते जन्मात उघडलेलं नसतं. क्रोम, एज, फायरफॉक्स, कुठलाही घ्या. मेन्यूत ‘मोअर टूल्स’मध्ये टास्क मॅनेजर सापडतो. विंडोजवर क्रोम आणि एजमध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं तरी काम होतं. त्यात ‘सीपीयू’ लिहिलेल्या रकान्यावर क्लिक करा, म्हणजे सगळ्यात खादाड मंडळी वर येतात. एक गोष्ट लक्षात ठेवा, नाहीतर उगाच घाबराल. क्रोमचं हे मीटर एका कोअरच्या हिशोबानं मोजतं, तर विंडोजचं सगळ्या कोअरच्या मिळून. त्यामुळे चार कोअर दाखवणाऱ्या मशीनवर इथले 100 म्हणजे तिथले 25.

माझ्या यादीत पहिल्या नंबरावर कोण असेल? मी पैज लावली होती क्रिकेट स्कोअरच्या टॅबवर. तो निघाला दुसरा. पहिला होता एक एक्स्टेन्शन! दिवाळीच्या सेलमध्ये ‘आपोआप कूपन शोधून देतो’ म्हणून टाकलेला. त्यानं मला वर्षभरात 80 रुपये वाचवून दिले असतील. त्या बदल्यात मी उघडलेलं प्रत्येक पान तो वाचत बसायचा. बँकेचं, मेलचं, बातम्यांचं, सगळं! म्हणजे सीपीयू गेला तो गेलाच, वर कुणीतरी सतत खांद्यावरून डोकावत होतं. मला खरं सांगायचं तर दुसऱ्या गोष्टीचा जास्त राग आला.

तुमचाही लोच्या एक्स्टेन्शनचाच आहे का, हे तपासायची सोपी युक्ती आहे. इनकॉग्निटो विंडो उघडा आणि तीच कामं तिथं करून बघा. आपण मुद्दाम परवानगी दिली नसेल तर तिथं एक्स्टेन्शन चालत नाहीत. पंखा शांत? मग आरोपी सापडला. क्रोममध्ये एखादं ठेवायचंच असेल, तर त्याला सगळ्या साइट्सऐवजी ‘क्लिक केल्यावरच’ ही परवानगी देता येते. बाकीच्यांना नारळ.

कधीकधी गुन्हेगार टॅबच असतो. आपोआप सुरू होणारे व्हिडिओ, सरकत्या जाहिराती, सेकंदासेकंदाला ताजे होणारे आकडे. एके काळी शिव्या खायला फ्लॅश होतं. 31 डिसेंबर 2020 ला त्याचा सपोर्ट संपला, पण साइट्सची भूक काही कमी झाली नाही. सप्टेंबर 2017 मध्ये तर कॉइनहाइव्ह नावाचा प्रकार आला होता. आपण साइट बघत बसायचं आणि आपला प्रोसेसर तिकडे त्या साइटवाल्यासाठी मोनेरो हे आभासी चलन खणत बसणार! ते दुकान मार्च 2019 मध्ये बंद झालं. तरीही एखादी सिनेमा फुकट दाखवणारी साइट उघडल्याबरोबर आकडा भसकन चढला, तर टॅब बंद करा आणि तिकडे परत फिरकू नका.

हो, आणि यादीतून ‘एंड प्रोसेस’ दाबताना जरा जपून. अर्धवट भरलेला फॉर्मही त्या खोलीबरोबर जातो. माझा इन्शुरन्सचा गेला.

चादर लावा, ब्लर घालवा

मग तो व्हिडिओ कॉल का फसला? इथं माझी मलाच लाज वाटली. पाठीमागे दोरीवर कपडे वाळत होते, म्हणून मी बॅकग्राउंड ब्लर केलं होतं. ब्लर म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये माझं डोकं कुठं संपतं आणि पंजाबी ड्रेस कुठं सुरू होतो, हे कॉम्प्युटरनं शोधत बसायचं. तेही सेकंदाला कितीतरी वेळा! जुन्या मशीनची दमछाक होणारच. आता मी मागे एक साधी चादर लावते. दिसतंही बरं.

व्हिडिओचं असंच. तेरा इंची स्क्रीनच्या कोपऱ्यात गाणी लावायची, तर 1080 कशाला? 480 वर आणा. नव्या प्रकारात बांधलेला व्हिडिओ उलगडायची सोय जुन्या ग्राफिक्स चिपमध्ये नसते, मग तो बोजा थेट सीपीयूवर पडतो. उदाहरणार्थ, एव्ही वन हा प्रकार उलगडायची सोय इंटेलच्या लॅपटॉपमध्ये 2020 च्या अकराव्या पिढीपासून आली. माझा त्याआधीचा. सेटिंग्जच्या ‘सिस्टिम’मध्ये ग्राफिक्स अॅक्सिलरेशन चालू आहे का, तेही बघून घ्या. माझं कधी काळी कुणाच्या तरी सल्ल्यानं बंद केलेलं होतं! क्वचित एखाद्या मशीनवर उलटंही होतं आणि ते बंद केल्यावर सुधारतं. दोन्ही करून बघायला दोन मिनिटं लागतात.

झोपलेल्या टॅबचं म्हणाल, तर त्याची सोय आता ब्राउजरच करतात. एजमध्ये ती जानेवारी 2021 पासून आहे, क्रोममध्ये डिसेंबर 2022 मध्ये मेमरी सेव्हर आलं. सेटिंग्जच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये जाऊन चालू करून टाका. म्हणून टॅबच्या संख्येचा मी फारसा बाऊ करत नाही. तीस झोपलेले टॅब परवडले, एक जागा नको.

आणि रॅम? मशीन मेमरीअभावी सतत डिस्कवर धावत असेल तर रॅमनं नक्की फरक पडतो. पण एखादं एक्स्टेन्शन प्रोसेसर खात सुटलं असेल, तर सोळा जीबीतही ते तेवढंच खाणार. रिपेअरवाल्यानं रॅमऐवजी पंखा उघडून बघितला असता तर जास्त उपयोग झाला असता. माझ्या पंख्यात धुळीची चक्क गादी साठली होती. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि मग तेच काम त्याला जड जातं. त्यात मी लॅपटॉप उशीवर ठेवून वापरणारी, म्हणजे हवेच्या वाटाच बंद! दुसऱ्या एका दुकानात 400 रुपयांत साफसफाई झाली.

नवीन लॅपटॉपचे वाचलेले पैसे अर्थातच भाड्यात गेले. गेल्या आठवड्यात त्या डिझायनर बाईंना पुन्हा मेल टाकला, विषय थोडा बदलून. परवा, शुक्रवारी अकराची वेळ दिलीय. चादर धुवायला टाकलीय. टॅब सध्या 34 उघडे आहेत, पण ते मामेभावाला कळवू नका.